पेसमेकरनंतरचे दुखणे : उपचारांचा आढावा

दुखते कुठे

पेसमेकर किंवा आयसीडी बसवल्यानंतर रुग्णाला जे दुखते ते सहसा हृदयात नसते. शिरेतून आत गेलेली तार हृदयाच्या भिंतीला जाऊन टेकते, तिच्या टोकाचा इवलासा स्क्रू स्नायूत फिरवून बसवला जातो, तरी टेबलावरच्या माणसाला बहुधा त्याचा पत्ताही लागत नाही. दुखणे असते बाहेर. कॉलरबोनच्या दोन बोटे खाली, बहुतेकांच्या डाव्या बाजूला, चार-पाच सेंटिमीटरचा चिरा असतो आणि त्याखाली यंत्रासाठी केलेला खिसा. त्वचा आणि चरबी ओलांडून छातीच्या मोठ्या स्नायूवरच्या पांढऱ्या पडद्यापर्यंत पोहोचायचे आणि तो थर बोटाने सोडवत डबी मावेल एवढी जागा करायची, अशी ही पद्धत आहे. साधा पेसमेकर वीस ते तीस ग्रॅमचा असतो. धोक्याच्या वेळी आतून शॉक देणारा आयसीडी त्याच्या दुप्पट-तिप्पट जड असतो आणि त्याचा खिसाही तेवढाच मोठा लागतो.

एवढ्याशा जागेला नसा मात्र तीन दिशांनी येतात. चिऱ्याच्या वरच्या कडेची त्वचा मानेतून उतरणाऱ्या नसांची, खालची बाजू बरगड्यांमधून येणाऱ्या नसांची, आणि स्नायू व त्याचा पडदा काखेकडून येणाऱ्या नसांचा. खिशाच्या दुखण्यावर एकच सुई पुरत नाही, याचे मूळ या रचनेत आहे.

पार्श्वभूमी

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पूर्णपणे आत बसणारा पेसमेकर ठेवला. यंत्र रून एल्मक्विस्ट यांनी बनवले होते. त्यासाठी छाती उघडावी लागली आणि तारा हृदयाच्या बाहेरून शिवाव्या लागल्या. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र पुढे एकामागून एक यंत्रे बदलत २००१ पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले. त्या काळी वेदना म्हणजे बरगड्यांमधून छाती उघडल्याची वेदना. खोकला आला, कूस बदलली तरी जीव कळवळे.

१९६०च्या दशकात तार शिरेतून हृदयात नेण्याची पद्धत रुळली आणि छाती उघडण्याची गरज सरली. आयसीडीनेही तीच वाट थोडी उशिरा धरली. मिशेल मिरोव्स्की आणि सहकाऱ्यांचे यंत्र फेब्रुवारी १९८०मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात प्रथम माणसात बसले, तेव्हा छाती उघडून हृदयावर पट्ट्या शिवल्या जात आणि मोठी डबी पोटात ठेवावी लागे. १९९०च्या दशकात ती डबी आकसून कॉलरबोनखाली आली.

या बदलाने रुग्णांचे अतोनात हाल वाचले, पण त्यातून एक समजूतही तयार झाली. काम शल्यगृहातून कॅथलॅबमध्ये गेले, शल्यचिकित्सकाच्या हातून हृदयरोगतज्ज्ञाच्या हाती आले, आणि ही शस्त्रक्रिया ‘किरकोळ’ ठरली. किरकोळ शस्त्रक्रियेचे दुखणेही किरकोळच, असे पुढे आपोआप मानले गेले. तारा किती टिकतात, संसर्ग किती होतो यांवर हजारो रुग्णांच्या चाचण्या झाल्या. वेदनेवरच्या चाचण्या त्या मानाने थोड्या आणि लहान आहेत. या विषयातल्या बहुतेक मतभेदांमागे हेच कारण दिसते.

टेबलावर

बहुतेक पेसमेकर जागेवरच्या भुलीत बसतात. औषध असते लिग्नोकेन, म्हणजेच लिडोकेन. तेही स्वीडनचेच, १९४३मध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलेले. रुग्ण जागा असतो. तोंडाशेजारी हिरव्या कापडाची भिंत उभी असते, मान एका बाजूला वळवलेली असते, आणि पलीकडून आवाज येतो, “आता जरा टोचेल हं.” टोचण्याचे दुखणे क्षणाचे असते. चिरा घेतलेला कळतही नाही. खरी कळ येते खिसा करताना, बोट थर सोडवत आत सरकते तेव्हा. रुग्ण नंतर सांगतात, “दाब देत होते, खांदा उपटून काढतायत असं वाटलं.” भूल नीट चढायला काही मिनिटे लागतात. ती मिनिटे थांबणे आणि खिसा करण्याआधी पडद्याच्या थरात पुन्हा औषध भरणे, या दोन साध्या गोष्टींनी पडणारा फरक महागड्या औषधांपेक्षा कमी नसतो.

औषध हवे तेवढे भरता येत नाही. अॅड्रेनलिन न मिसळलेल्या लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोमागे साधारण साडेचार मिलिग्रॅम धरतात. पन्नास किलोच्या बाईंसाठी ती सव्वादोनशे मिलिग्रॅम होते, म्हणजे दोन टक्क्यांचे औषध जेमतेम अकरा मिलिलिटर. चाळीस किलोच्या कृश आजीबाईंना तेवढेही चालत नाही. म्हणून औषध एक टक्क्यापर्यंत पातळ करून जास्त जागेत पसरवणे किंवा जास्त वेळ टिकणारे ब्युपिव्हॅकेन शेवटी खिशाच्या कडांना देणे, असे मार्ग काढले जातात. लिग्नोकेन हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारण्यासाठीही शिरेतून दिले जाते. मात्रा ओलांडली तर ते मेंदूवर आणि हृदयावर परिणाम करते, याचे भान इथे अधिकच लागते.

गुंगी किती द्यावी, यावर दोन मते आहेत. एका मतानुसार मिडाझोलाम आणि फेंटानिल थोडे-थोडे देऊन रुग्णाला पेंगुळलेले ठेवावे. तो बोलत राहतो, श्वास स्वतः घेतो, भूलतज्ज्ञ दर वेळी लागत नाही. दुसरे मत म्हणते की हे रुग्ण म्हातारे असतात, हृदय दुबळे असते, घोरण्याचा आजार अनेकांना असतो, तेव्हा गुंगी देणारा आणि चिरा घेणारा माणूस वेगळाच हवा. दोन्ही बाजूंचा अनुभव खरा आहे. तालुक्याच्या गावी पहिल्या मताला पर्याय नसतो, मोठ्या शहरात दुसरे मत पाळणे सोपे जाते. डेक्समेडेटोमिडीन गुंगी आणि वेदनाशमन दोन्ही देते, पण ठोके मंदावते. ज्याचे ठोके मंद झाले म्हणून पेसमेकर बसतो आहे, त्याला तार जोडण्याआधी ते देताना हात आखडता घ्यावा लागतो.

आयसीडीच्या बाबतीत एक मोठी सुटका झाली आहे. पूर्वी यंत्र बसवल्यावर हृदयाची घातक लय मुद्दाम सुरू करून शॉक लागू पडतो का, हे पाहत. त्यासाठी खोल गुंगी लागे. सुमारे २,५०० रुग्णांवरच्या ‘सिंपल’ चाचणीत २०१५मध्ये दिसले की, ही तपासणी टाळली तरी रुग्णाचे नुकसान होत नाही. तेव्हापासून शिरेतून बसवल्या जाणाऱ्या आयसीडीत ती बरीच मागे पडली.

नसांचे ब्लॉक

सोनोग्राफीच्या मदतीने स्नायूंच्या दोन थरांमध्ये भुलीचे औषध पसरवण्याची युक्ती राफाएल ब्लांको यांनी २०११-१२मध्ये मांडली, ती स्तनाच्या शस्त्रक्रियांसाठी. ‘पेक्स ब्लॉक’ या नावाने ती ओळखली जाते. जागा तीच असल्यामुळे पेसमेकरसाठीही ती वापरली जाऊ लागली. पाठोपाठ सेरेटस ब्लॉक आला, आणि २०१६मध्ये पाठीच्या कण्यालगत दिला जाणारा इरेक्टर स्पायनी ब्लॉक.

ब्लॉकचे समर्थक सांगतात की टेबलावर गुंगी कमी लागते, पहिले बारा-चोवीस तास बरे जातात, अफूवर्गीय औषध वाचते. लहान चाचण्यांचा कल त्यांच्या बाजूचा आहे. शंका घेणाऱ्यांचे मुद्दे असे : पेक्स ब्लॉक मानेतून येणाऱ्या नसांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे चिऱ्याची वरची कड बधिर होत नाही आणि तिथे वेगळी सुई लागते, रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असतो, आणि ज्या वीस मिनिटांत ब्लॉक द्यायचा त्या वेळात नीट दिलेली साधी भूलही लागू पडते. साध्या भुलीशी प्रामाणिक तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीशिवाय हा वाद मिटणार नाही. मोठा खिसा, स्नायूखाली ठेवलेले यंत्र, काखेखालचा आयसीडी, वेदनेला फार घाबरणारा रुग्ण : यांच्यासाठी ब्लॉक उपयोगी आहे, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य दिसते.

पहिले काही दिवस

भूल उतरल्यावरचा पहिला दिवस सर्वांत कठीण. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बहुतेकांना उतार पडतो. एकाच औषधाची मात्रा वाढवत नेण्यापेक्षा वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोडी-थोडी वापरावीत, हा विचार केहलेट आणि डाल यांनी १९९३मध्ये मांडला होता आणि आज तो सर्वमान्य आहे. त्याचा पाया पॅरासिटामॉल. दुखेल तेव्हा एक गोळी, असे न करता पहिले दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी दिली तर ती अधिक चांगली लागू पडते. दिवसाची कमाल मात्रा चार ग्रॅम. कृश, वृद्ध किंवा यकृत कमजोर असलेल्यांना त्याहून कमी. वॉर्फरिन घेणाऱ्याने ती जास्त मात्रेत बरेच दिवस घेतली तर रक्त अधिक पातळ होते, आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असते, हे दोन बारकावे हृदयरुग्णाने लक्षात ठेवायचे आहेत.

खरा मतभेद आहे तो डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांवर. त्या लागू पडतात, यात वाद नाही. पण त्या शरीरात मीठ-पाणी साठवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, रक्तस्रावाची शक्यता वाढवतात. याच कुळातले रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या झटक्यांमुळे २००४मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. युरोपीय औषध नियामकाने २०१३मध्ये हृदय कमजोर असलेल्यांना डायक्लोफिनॅक देऊ नये असे बजावले. दुबळ्या हृदयासाठी बसवल्या जाणाऱ्या तीन तारांच्या यंत्राचा रुग्ण नेमका याच गटात मोडतो. त्यामुळे एका गटाचे म्हणणे असे की या गोळ्या इथे नकोतच. दुसरा गट म्हणतो की हृदयाची ताकद शाबूत आहे, मूत्रपिंड चांगले आहे, रक्त पातळ करणारी गोळी नाही, केवळ ठोक्याची वाट अडली म्हणून पेसमेकर बसला आहे, अशा रुग्णाला दोन-तीन दिवस दिल्या तर हरकत नसावी. दुसरे मत तर्काला धरून आहे. पण आपल्याकडे या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात आणि दोन दिवसांचा कोर्स दोन महिने चालतो. घरी पाठवताना कागदावर ‘पेनकिलर’ एवढेच न लिहिता कोणती चालेल आणि कोणती चालणार नाही, ही दोन्ही नावे लिहिलेली बरी.

रक्तस्रावाचा संबंध दुखण्याशी थेट आहे. खिशात रक्त साकळले की तो ताणतो आणि ठणकतो. २०१३च्या ‘ब्रूज कंट्रोल’ चाचणीत वॉर्फरिन थांबवून हेपॅरिन दिलेल्या १६ टक्के रुग्णांच्या खिशात त्रासदायक प्रमाणात रक्त साकळले. वॉर्फरिन चालूच ठेवलेल्यांत ते प्रमाण ३.५ टक्के होते. याच रुग्णांचा पुढे मागोवा घेतला तेव्हा रक्त साकळलेल्यांना वर्षभरात गंभीर संसर्गाचा धोका सातपटीहून अधिक आढळला. वेदना टाळण्याचा एक परिणामकारक उपाय असा वेदनाशामकांच्या यादीबाहेर, रक्तस्राव टाळण्यात आहे. साकळलेले रक्त सुईने काढण्याचा मोह आवरावा, त्यातून जंतू आत जातात, यावर सर्वांचे एकमत आहे.

अफूवर्गीय औषधांबद्दल अमेरिकेत आणि भारतात चित्र उलटे आहे. अमेरिकेतील १,४३,४०० रुग्णांच्या विमा-नोंदींवरून २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्र बसवल्यानंतर दोन आठवड्यांत ११ टक्के रुग्णांनी अशी औषधे घेतली होती, आणि त्यांतले १२.४ टक्के एक ते सहा महिन्यांच्या काळातही ती पुन्हा घेत होते. पहिली चिठ्ठी जितकी मोठी, तितका हा धोका अधिक होता. भारतात मॉर्फिन रुग्णापर्यंत पोहोचणेच अवघड. इथे ट्रॅमाडॉल चालते, आणि २०१८पासून तेही अमली पदार्थविषयक कायद्याखाली आले आहे. इथला रुग्ण व्यसनी होण्यापेक्षा दुखणे सोसत पडून राहण्याची शक्यता जास्त. एक-दोन दिवसांपुरती छोटी मात्रा, बद्धकोष्ठतेच्या आणि गुंगीच्या काळजीसह, असा मध्यम मार्ग बहुतेक जण सुचवतात.

कापडात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटे ठेवणे निरुपद्रवी आहे, पट्टी ओली होता कामा नये. गरम पाण्याची पिशवी, बाम, तेलाची मालिश ताज्या जखमेवर नको.

दुखण्याची जात

शून्य ते दहापैकी किती दुखते, हा आकडा विचारण्याची पद्धत सर्वत्र आहे. तिचा उपयोगही आहे, पण ती दुखण्याची जात सांगत नाही. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५मध्ये वेदनेच्या वर्णनांचीच प्रश्नावली बनवली ती याचसाठी. मराठीत ही वर्णने तयार आहेत. ठणका म्हणजे ताण किंवा पू, चमक म्हणजे हालचालीशी बांधलेले दुखणे, आग-जळजळ आणि मुंग्या म्हणजे बहुधा दुखावलेली नस, ओढ म्हणजे व्रण किंवा डबीचे वजन. हे समीकरण काटेकोर नाही, पण ‘चार आहे’ यापेक्षा ‘रात्री ठसठसतं आणि कपडा लागला तरी आग होते’ हे वाक्य डॉक्टरला पुढची दिशा देते. सोसायची सवय असलेल्या पिढीतल्या आजी आकडा विचारला तर “तसं काही नाही” म्हणतात. “ठणकतं का? आग होते का?” असे विचारले की सांगू लागतात.

काही दुखणी गोळीने झाकायची नसतात. श्वास घेताना छातीत टोचणे आणि धाप लागणे हे फुप्फुसाभोवती हवा शिरल्याचे लक्षण असू शकते. आडवे झाल्यावर वाढणारी, बसल्यावर कमी होणारी कळ तारेने हृदयाची भिंत भेदल्याची शंका आणते. अख्खा हात सुजून जड होणे शिरेत गुठळी सुचवते. छातीचा स्नायू किंवा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा ठोक्याबरोबर उडत असेल, तर उपाय यंत्राची मांडणी बदलण्यात असतो, गोळीत नसतो.

हात हलवावा की नाही

तार सुटू नये म्हणून चार ते सहा आठवडे हात खांद्याच्या वर नेऊ नका, असा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. रुग्ण तो गरजेपेक्षा जास्त पाळतात. हात छातीशी बांधल्यासारखा धरतात, झोपेतही जपतात. महिन्याभराने खिसा बरा होतो आणि खांदा जखडलेला असतो. केसांची वेणी घालायला, फडताळातला डबा काढायला हात वर जात नाही. खांद्याच्या मर्यादेत पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून हलका व्यायाम दिला तर तारा जास्त सुटत नाहीत आणि खांदा मोकळा राहतो, असे लहान चाचण्या सुचवतात. सल्ला हळूहळू त्या बाजूला झुकतो आहे. वजन उचलणे आणि झटक्याने हात ताणणे टाळावे, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

खांदा आखडला म्हणून फिजिओथेरपीला जाणाऱ्याने यंत्राची गोष्ट आधी सांगायला हवी. शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे मशीनचा खोल शेक, पेसमेकर असलेल्याला वर्ज्य आहे. टेन्ससारखे विजेचे उपचारही यंत्राला फसवू शकतात.

महिने उलटल्यावर

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकलेले दुखणे दीर्घकालीन मानले जाते. पेसमेकरनंतर ते किती जणांना होते, याचे आकडे अभ्यासागणिक इतके वेगळे आहेत की त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही.

कारणे अनेक असतात. पहिला संशय मंद संसर्गाचा घ्यावा, कारण काही जंतू ताप न आणता, लाली न आणता केवळ दुखणे देतात. त्वचा पातळ होऊन डबीला चिकटली असेल तर ती भेदली जाण्याआधी हालचाल करावी लागते. नस व्रणात अडकली असेल तर भुलीच्या औषधाची सुई निदानही करते आणि उपचारही. नसांच्या दुखण्यावरचे प्रीगाबालिन पायांवर सूज आणते आणि वृद्धांना तोल जायला लावते, अमिट्रिप्टिलिन हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकते. म्हणून दोन्ही इथे जपून द्यावी लागतात. सगळे करून दुखणे हटले नाही तर डबी स्नायूखाली हलवण्याचा मार्ग उरतो. त्याने काहींना आराम पडतो, पण दुसऱ्या शस्त्रक्रियेसोबत संसर्गाचा धोकाही येतो.

रोजच्या वस्तूंचे घर्षण हे कारण लहान वाटते, पण रोज छळते. ब्लाउजचा आणि अंतर्वस्त्राचा पट्टा, डाव्या खांद्यावरच्या पदराची पिन, पिशवीचा बंद, आणि गाडीत पुढे शेजारी बसणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून येणारा सीटबेल्ट, हे सगळे नेमके त्या जागेवरून जातात. चिरा कुठे घ्यायचा हे ठरवताना रुग्ण काय नेसते, कोणत्या खांद्यावर काय घेते, हे विचारायला अर्धे मिनिट पुरते.

शॉकचे दुखणे

आयसीडीच्या रुग्णाची एक वेदना भविष्यातली असते. यंत्राने शॉक दिला तर छातीवर घोड्याने लाथ मारल्यासारखे वाटते, असे अनेक जण सांगतात. एकदा तो अनुभव आला की पुढच्याची धास्ती बसते, आणि काहींना शॉक न बसताही बसल्याचा भास होतो. वेगाने ठोके देऊन घातक लय मोडून काढण्याची पद्धत वेदनारहित आहे. २००४च्या ‘पेनफ्री’ मालिकेतील दुसऱ्या चाचणीत ६३४ रुग्णांच्या वेगवान लयीचे सुमारे ७२ टक्के प्रसंग तिने शॉकविना थांबवले. २०१२च्या ‘मॅडिट-आरआयटी’ चाचणीने यंत्राला घाई न करू देण्याचा फायदाही दाखवला. शॉकच्या वेदनेवर गोळी नाही. तिचा उपचार यंत्राच्या मांडणीत आहे, आणि धास्तीसाठी समुपदेशनात.

खिसाच नसेल तर

२०१६मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला तारविरहित पेसमेकर जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात सोडला जातो. छातीवर चिरा नाही, खिसा नाही, खांदा मोकळा. त्याची नळी सुमारे ९ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे दुखणे आणि काळेनिळे पडणे जांघेत येते, पण ते लवकर ओसरते. किंमत, आणि बॅटरी संपल्यावर पुढे काय, हे प्रश्न त्याच्यासमोर आहेत. याउलट त्वचेखाली बसणारा आयसीडी शिरांना हात लावत नाही, पण सुमारे १३० ग्रॅमचे यंत्र काखेखाली आणि तार छातीच्या हाडालगत बोगदा करून ठेवावी लागते. ८४९ रुग्णांच्या ‘प्रीटोरियन’ चाचणीत २०२०मध्ये तो शिरेतल्या आयसीडीपेक्षा कमी ठरला नाही. पहिल्या दिवसांचे दुखणे मात्र त्यात जास्त असते, आणि ब्लॉकचा सर्वांत ठाम उपयोग इथेच दिसतो.

न सुटलेले

साधी भूल नीट दिली तर ब्लॉकची गरज किती उरते, निवडक रुग्णांना सूज उतरवणाऱ्या गोळ्या किती दिवस चालतील, हात नेमका कधी आणि किती वर न्यावा, या तिन्ही प्रश्नांना मोठ्या चाचण्यांची वाट पाहावी लागणार आहे. जुन्या खिशात नवे यंत्र ठेवताना व्रणाचे कवच कापल्याने दुखणे वाढते की कमी होते, यावर तर फारसे बोललेच जात नाही, आणि यंत्र बदलायला तर आठ-बारा वर्षांनी बहुतेकांना यावेच लागते. मोजण्याचा प्रश्नही आहेच. दर तपासणीला यंत्राचा छापील अहवाल निघतो. त्यात बॅटरी किती उरली, तारेचा रोध किती, किती टक्के ठोके यंत्राने दिले, हे सगळे असते. खिसा दुखतो का आणि हात पूर्ण वर जातो का, हे त्या कागदाच्या समासात कोणीतरी हाताने लिहावे लागते.